पहिलं ‘तू’ कितव्या पानावर?

प्रिय मंदार,

पत्र मिळालं, कादंबरीचा आराखडाही वाचला. बँकेत नोकरी करून हौशी नाटकं बसवणारा सुहास आणि त्याच्या नाटकाची प्रकाशयोजना करायला आलेला, मंडप-डेकोरेशनचा धंदा असलेला विनय. राज्य नाट्य स्पर्धेला उरलेत तीन महिने. बीज फार चांगलं आहे. पण शेवटी तू जे विचारलंयस, की दोन पुरुषांच्या या हलक्याफुलक्या, मंद आचेवरच्या प्रेमकथा लोकांना इतक्या का आवडतात, पहिल्या दीडशे पानांत तर काहीच घडत नाही, त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे लिहू नकोस. कारण तुझ्या आराखड्यात पहिलं चुंबन चौथ्या प्रकरणात आहे, आणि पाचव्यानंतर तुझ्याकडे सांगायला काही उरलेलं नाही.

या कादंबऱ्यांचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. दोघं एकत्र येणार, जिवंत राहणार, आनंदात राहणार. ज्याला हे मिळमिळीत वाटतं, त्याने आधी काय लिहिलं जात होतं ते आठवावं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांची प्रेमकथा १९१३-१४ मध्ये लिहिली आणि ठेवून दिली. ती छापली गेली १९७१ साली, तो गेल्यावर. पुस्तकाला जोडलेल्या टिपणात त्याने स्वच्छ लिहिलंय की सुखान्त हवाच होता, नाहीतर लिहिण्याचा खटाटोपच केला नसता. आणि शेवटी एखादा पोरगा फासाला लटकताना दाखवला असता तर पुस्तकाची अडचण झाली नसती. आपल्याकडे तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ नाटकातली, शेवटी जीव देणारी सुमित्रा आठव, सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीतला, प्रियकर सोडून गेलेला तनय आठव. दोन्ही मोलाच्या कृती आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फक्त असेच शेवट वाचत मोठा झालेला वाचक दोन पुरुष जवळ आले की श्वास रोखून धरतो, आता यातला कोण मरणार म्हणून. ‘कोणी मरणार नाही’ हे वचन मिळालं की तो श्वास सोडतो, आणि मगच त्याचं लक्ष बारीकसारीक गोष्टींकडे जातं. कोणी कोणाचा चहा बिनसाखरेचा सांगितला, कोणी कोणासाठी दार धरून ठेवलं. संथपणा परवडतो तो या वचनामुळे. तेव्हा पहिल्या दहा पानांतच सूर असा लाव की हे वचन न सांगता कळेल.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलगा-मुलीच्या गोष्टीत प्रश्न एकच असतो, मी तिला आवडतो का? इथे त्याच्या आधी आणखी एक उभा असतो, हा ‘तसा’ आहे का? विचारलं आणि नसला, तर प्रेम राहिलं बाजूला, मैत्रीही गेली. म्हणून प्रत्येक पावलाला पुरावा लागतो, आणि प्रत्येक पुराव्याचा दुसरा, साधा अर्थही निघतो. रात्री उशिरा घरी सोडलं, ते प्रेमाने की वाटेवरच घर आहे म्हणून? हा दुसरा अर्थ जितका भक्कम, तितका वाचक गुंततो. उशीर लेखकाने ओढूनताणून आणलेला नसतो, तो परिस्थितीतच असतो. तुझ्या प्रत्येक प्रसंगाला ही कसोटी लाव. विनयच्या कृतीचे दोन अर्थ निघतायत का? एकच निघत असेल तर प्रसंग अजून कच्चा आहे.

आता हिशेब. इंग्रजीत या कादंबऱ्या साधारण ऐंशी-नव्वद हजार शब्दांच्या असतात. तुला साठ हजार पुरेत, दोन-दोन हजारांची तीस प्रकरणं. हे प्रेम आहे, हे वाचकाला चौथ्या प्रकरणात कळावं, विनयला आठव्यात, सुहासला तेराव्यात. या क्रमातच सगळी गंमत आहे: जे वाचकाला दिसतं ते सुहासला दिसत नाही, म्हणून वाचक पान उलटत राहतो. चुंबन अठरा ते एकवीसच्या दरम्यान. प्रकरणागणिक एकच पाऊल पुढे, आणि ते मागे घेता येऊ नये असं. मोठ्या पावलानंतर अर्धं पाऊल मागे चालेल, पण पुन्हा शून्यावर नेलंस तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. आणि मुख्य म्हणजे ओढ आधी दिसली पाहिजे. दोघांना एकमेकांचं काही वाटतच नसताना नुसता उशीर केलास, तर ती वाट पाहणं नव्हे, ताटकळणं होतं. बासुंदी मंद आचेवर आटते खरी, पण खाली जाळ हवा आणि ढवळणारा हात थांबता कामा नये.

इंग्रजीतल्या क्लृप्त्या जशाच्या तशा उचलू नकोस. ‘लॉजवर एकच पलंग’ हा तिथला हुकमी प्रसंग आहे, आणि तो तू सोळाव्या प्रकरणात घातलायस. आपल्याकडे स्पर्धेच्या गावी सहा पुरुष एका सतरंजीवर झोपतात, गळ्यात हात टाकून फिरतात, मोटरसायकलवर तिघं बसतात, कोणाची मान वळत नाही. तिथे स्पर्श दुर्मीळ, म्हणून बोटाला बोट लागलं तरी पान थरारतं. इथे स्पर्श मुबलक आहे, त्यामुळे त्याने काहीच सिद्ध होत नाही. मग उलटं कर: अर्थ दे स्पर्श थांबण्याला. इतके दिवस सहज खांद्यावर हात ठेवून बोलणारा विनय एका संध्याकाळी हात उचलतो आणि खिशात घालतो. बाकी मंडळींच्या खांद्यावर तसाच ठेवतो, फक्त सुहासच्या नाही. हे सुहासच्या लक्षात येतं आणि तो रात्रभर विचार करतो की आपलं काय चुकलं. एवढ्यावर तुझं अख्खं प्रकरण उभं राहील.

प्रकाशयोजना हे तुझ्या हातातलं सगळ्यात मोठं भांडवल आहे, आणि तू ते दोन वाक्यांत संपवलंयस. नीट बघ. स्पॉट लावताना खाली नटाच्या जागेवर कोणीतरी उभं राहावं लागतं. नट आलेला नाही, म्हणून सुहास उभा राहतो. विनय घोड्यावर, म्हणजे उंच शिडीवर, चढलेला. ‘डावीकडे अर्धं पाऊल. मान वर. डोळ्यांत उजेड येत नाहीये.’ दहा मिनिटं एक माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतोय आणि त्याला तसं बघण्याचा पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्याला हलता येत नाही, आणि डोळ्यांवर उजेड असल्याने बघणारा दिसतही नाही. हे सातवं प्रकरण. पुढे पंधराव्यात विनय एकटाच येऊन स्पॉट लावून ठेवतो. सुहास सहज त्या जागेवर जाऊन उभा राहतो, आणि उजेड बरोबर त्याच्या डोळ्यांत येतो. उंची पाठ झालेली आहे. दोघांपैकी कोणीही त्यावर बोलायचं नाही. चुंबन मात्र ब्लॅकआऊटमध्ये घेऊ नकोस, तो मोह सगळ्यांनाच होतो. प्रयोग संपलेला, हॉलच्या ट्यूबलाइट लागलेल्या, दोघं वायरी गुंडाळतायत, एकाच वायरची दोन टोकं दोघांच्या हातात. गुंडाळत गुंडाळत जवळ येणं आलंच.

मराठीने तुला एक हत्यार दिलंय जे इंग्रजी लेखकाकडे नाही. तिथे आडनावावरून नावावर येणं एवढंच करता येतं. तुझ्याकडे क्रियापद आहे. ‘चहा घेतलात का?’ आणि ‘चहा घेतलास का?’ या दोन वाक्यांमध्ये तुला शंभर पानं मिळतात. सुहास वयाने मोठा आणि दिग्दर्शक, म्हणून विनय अहो-जाहो करणार. पहिलं ‘तू’ रागाच्या भरात निघू दे, भांडणात, दोघांच्याही नकळत. मग विनय पुन्हा ‘तुम्ही’वर जातो, आणि त्या ‘तुम्ही’ने सुहासला लागतं. आराखड्यात दोघं दुसऱ्याच पानावर अरे-तुरेवर आलेत, ते आधी बदल.

भाषेची एक अडचणही आहे. दोघंही ‘तो’. ‘त्याने त्याच्या हातातून त्याची पिशवी घेतली’ यात पिशवी कोणाची? कर्त्याची असेल तर ‘आपली’ लिही, निम्मा घोळ तिथेच मिटतो. उरलेल्यासाठी ज्याच्या नजरेतून प्रसंग आहे तो ‘हा’ आणि समोरचा ‘तो’ असं बोलीभाषेत आपण करतोच, तसं जपून कर. तरीही अडलं तर सरळ नाव लिही. नाव दहा वेळा आलं तरी वाचक कंटाळत नाही, पण कोण कोणाला म्हणालं ते शोधावं लागलं की प्रसंगातून बाहेर पडतो.

बाविसावं प्रकरण मात्र काढून टाक. स्टँडवर विनयला कोणाशी तरी हसून बोलताना पाहून सुहास आठ दिवस अबोला धरतो. जो गैरसमज एका फोनने मिटतो त्यावर कादंबरी टेकवू नये. तुझ्याच गोष्टीत खरा अडथळा पडलेला आहे: सुहासची बढती. स्वीकारली तर बदली ठरलेली, आणि विनयचा धंदा, गोडाऊन, माणसं सगळी याच गावात. दोघांचंही बरोबर असेल तेव्हाच ताटातूट टोचते. कोणीतरी त्यांचं गुपित गावभर करतं, हेही नको. माणसाची सर्वात खाजगी गोष्ट कथानकाला धक्का द्यायला वापरणं क्रूर आहे, आणि या प्रकारच्या पुस्तकातला सगळा विश्वासच त्याने उडतो.

हलकंफुलकं म्हणजे बायकी चालीचा एक नट आणून त्याच्यावर हशा पिकवणं नव्हे. तुझ्या तिसऱ्या प्रकरणातला तो नट एकतर पूर्ण माणूस कर किंवा काढ. विनोद तालमीत भरपूर आहे. संवाद पाठ न करणारा वकील, नटापेक्षा मोठ्याने बोलणारा प्रॉम्प्टर, आणि विनयचा टेम्पो, ज्यात नेपथ्याच्या फळ्यांबरोबर ‘शुभविवाह’ची थर्माकोलची पाटी कायम पडलेली असते. त्या पाटीवर एकही भाष्य करू नकोस. ती फक्त प्रत्येक फेरीत टेम्पोत असू दे.

सुहासच्या आईला दिलेलं दीड पानांचं समजूतदार भाषण वाचून वाईट वाटलं, कारण बाई उत्तम उतरलीय. तिला बोलायला लावू नकोस. तालमीच्या डब्यात चार पोळ्या असायच्या, एक दिवस सहा येतात. सुहास मोजतो.

राहिला शेवट. लग्न दाखवता येणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाने खुलासा केला की अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांचं नाव नॉमिनी म्हणून लावायला काहीच बंदी नाही. तुझा नायक बँकेतला आहे, मंदार! ज्याने आयुष्यभर लोकांचे नॉमिनीचे अर्ज तपासले, तो स्वतःचा अर्ज घेऊन काउंटरच्या अलीकडे उभा राहतो आणि ‘नाते’ या रकान्यापाशी पेन थांबतं. विनय शेजारून डोकावतो. तो काय म्हणतो ते तूच ठरव, पण एका ओळीत आणि हसवणारं असू दे.

सातवं आणि पंधरावं प्रकरण आधी लिही, क्रमाच्या नादी लागू नकोस. आणि पहिलं ‘तू’ कितव्या पानावर येतं ते पक्कं झालं की नुसता पान नंबर कळव.

तुझी,
मेधा