केटी लागते ती कशामुळे?

माननीय संपादक,
स. न.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला की 'टीसीएस'मध्ये, म्हणजे थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्स या संगणकाच्या गणिती पायाच्या विषयात, किती जणांना केटी लागली, म्हणजे किती जण नापास होऊन तो पुन्हा देणार, याचीच चर्चा होते. मुलांना गणित नको, कष्ट नकोत, असा निवाडा स्टाफरूममध्ये चटकन होतो. मी हा विषय शिकवते, पेपरही तपासते. मला हा निवाडा मान्य नाही.

एका पेपरात प्रश्न होता: आधी कितीही 'ए' आणि नंतर कितीही 'बी', अशी भाषा, म्हणजे अक्षरमाळांचा संच, रेग्युलर आहे का, म्हणजे मोजक्याच अवस्था असलेल्या यंत्राला ती ओळखता येते का? दोन्हींची संख्या सारखी हवी, अशी अट नव्हती. मोजदाद ठेवायचीच नसल्याने असं तीन अवस्थांचं यंत्र, म्हणजे फायनाइट ऑटोमेटन, इथे पुरतं. तरीही गठ्ठ्यातल्या कितीतरी उत्तरपत्रिकांत पंपिंग लेमा, म्हणजे भाषा रेग्युलर नाही हे दाखवायला वापरतात ते प्रमेय, लावून ती रेग्युलर नसल्याचं 'सिद्ध' केलेलं! अक्षर सुवाच्य, पायऱ्या ओळीने, निष्कर्ष चौकटीत. समान संख्येच्या भाषेचं पाठ केलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं. ही मुलं आळशी नाहीत. रात्री जागून त्यांनी तेच केलं, जे आम्ही सांगत आलो: मागचे पेपर सोडवा, आयएमपी, म्हणजे हमखास येणारे प्रश्न, करून टाका. एरवी दरवर्षी तेच प्रश्न फिरून येतात, त्यामुळे हे खपूनही जातं. प्रश्न जरा वळला की मात्र वर्ग कोलमडतो.

'याचा नोकरीत उपयोग काय?' असं मुलं विचारतात. २ जुलै २०१९ रोजी संकेतस्थळांना संरक्षण आणि वेग पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सर्व्हरवर एक नवा नियम चढवला गेला. त्यातल्या एका रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरात शोधायच्या नमुन्याने, बॅकट्रॅकिंग, म्हणजे मागे जाऊन पुन्हा पुन्हा नवा पर्याय तपासणं, इतकं वाढलं की प्रोसेसर शंभर टक्के व्यापले गेले आणि जगभरातली असंख्य संकेतस्थळं २७ मिनिटं कोलमडली. असं बॅकट्रॅकिंग टाळून ऑटोमेटनच्या आधारे शोध घेण्याची पद्धत केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्येच मांडली होती. त्यामागचा एनएफए, म्हणजे एकाच वेळी अनेक अवस्थांत असू शकणारं ऑटोमेटन, आम्ही पहिल्या काही आठवड्यांतच शिकवतो, पण हा धागा जोडून देत नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दर पेपरात निदान एक चुकीची सिद्धता छापा आणि चूक नेमकी कुठे आहे ते विचारा. पायऱ्यांऐवजी कारणाला गुण द्या. महाविद्यालयांनीही ट्युटोरियलचा तास जर्नल भरण्यात घालवू नये. मुलांना फळ्यापाशी उभं करून 'असं का?' विचारावं. यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, त्यामुळे पुढच्या सत्रापासूनच हे करता येईल.

आपली,
अभियांत्रिकीची एक प्राध्यापिका, ठाणे