फुगलेला मावा दिसला तर थांबा

महोदय,
कोबीवर मावा (पानातला रस शोषणारी बारीक कीड) दिसला की आमच्याकडे लगेच पंप पाठीवर चढतो. त्याआधी पान उलटून पाहावे. घोळक्यात काही मावे फुगून, तपकिरी, कागदासारखे कोरडे झालेले दिसतात. त्यांच्या पोटात मित्रकीटकाची, म्हणजे किडीला मारणाऱ्या कीटकाची, अळी वाढत असते. हा मित्रकीटक म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची परजीवी गांधीलमाशी. कोबी-मोहरीच्या उग्र वासाचा माग काढत येते, मिशांनी मावा चाचपते, पोट पायांमधून पुढे वाकवते आणि क्षणात अंडे टोचते. निवड मात्र चोखंदळ: फार लहान पिल्लात खाद्य कमी, मोठा मावा लाथा झाडतो, म्हणून बहुधा मधल्या वयाची पिल्ले. आधी कुणी अंडे घातले असेल, तर बऱ्याचदा सोडून देते. (स्थळ बघणारेही इतकी चौकशी करत नाहीत!)

2002 साली आपल्या जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा डिफा, मायक्रोमस या मित्रकीटकांचीच मोठी मदत झाली. तरी दुकानात आजही आधी औषधाची बाटली पुढे येते. कृषी सहायकांनी शिवारफेरीत भिंग घेऊन हे दाखवावे. फुगलेले मावे बऱ्यापैकी दिसत असतील, तर चार दिवस फवारणी थांबवायला काय हरकत आहे?

– एक शेतकरी, आष्टा (जि. सांगली)