हिमाचलच्या भांग-समितीला एका परिचारिकेचं आभारपत्र

आदरणीय जगतसिंह नेगीजी,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी महाराष्ट्रातली परिचारिका. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांची सेवा हे माझं काम. औषध आणि उद्योगासाठी भांगेच्या नियंत्रित लागवडीला परवानगी द्यावी, असं सांगणारा तुमच्या समितीचा अहवाल हिमाचल विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारला, त्याबद्दल तुमचे आणि समितीतल्या सर्व आमदारांचे मनापासून आभार.

औषधी भांगेची बाजू घेणं राजकारण्याला परवडत नाही. त्यातून तुमच्याकडे चिट्ट्याने (म्हणजे हेरॉइनने) पोरं नासताहेत, कुल्लूतल्या मलाणा गावच्या चरसची नको तेवढी कीर्ती. ‘मंत्रीच गांजा पिकवायला सांगतात’ एवढं कुणी म्हटलं असतं तरी विषय संपला असता. पण समितीत सत्ताधारी आणि विरोधक दोघेही बसले, आणि नशा एकीकडे, औषध-उद्योग दुसरीकडे, अशी उघड विभागणी तुम्ही केलीत.

खरं तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याने ही वाट कधी बंद केलीच नव्हती. आठव्या कलमात वैद्यकीय आणि वैज्ञानिक वापराला जागा आहे, दहाव्याने लागवडीचे नियम राज्यांना करता येतात. (त्याच वर्षी अमेरिकेत ड्रोनाबिनॉल, म्हणजे गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचं कृत्रिम रूप, केमोच्या उलट्यांसाठी मंजूर झालं!) आपल्याकडे मात्र याच कायद्यातल्या परवान्यांच्या धास्तीने मॉर्फिनसारखं वेदनाशामकसुद्धा दवाखान्यांतून दिसेनासं झालं. २०१४ च्या दुरुस्तीने कागदपत्रं सोपी झाली, तरी ते कपाटात ठेवायला कितीतरी डॉक्टर अजून बिचकतात. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाच्या नातेवाइकांना ही धास्ती समजावून सांगणं फार अवघड जातं. ती मोडायला कायद्याइतकंच, उघडपणे बोलणारं कुणीतरी सत्तेत लागतं.

गांजाने कर्करोग बरा होतो असं सांगणाऱ्यांपैकी मी नाही. उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा, मुलांमधले काही हट्टी अपस्मार, अशा मोजक्याच ठिकाणी त्याचा उपयोग दिसलाय. तेवढाही पुष्कळ आहे.

एक तक्रार मात्र करते. चर्चेत महसूल आणि भांगेपासून निघणारा धागाच जास्त ऐकू आला. राज्याची तिजोरी पाहता ते समजतं. पण नियम लिहाल तेव्हा रुग्णाचंही बघा: चिठ्ठी कुणी लिहायची, औषध कुठे मिळणार, त्यातलं टीएचसी कोण तपासणार. ते नियम झाले की एक प्रत मला हवी आहे, आमच्या आमदारांपुढे ठेवायला.

आपली कृतज्ञ,
एक परिचारिका