‘भ्या वाटालंय’ म्हणू देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी मंडळ्यांत (चर्चमध्ये) शब्बाथ शाळा, म्हणजे पोरांचा बायबलचा वर्ग, घेणारे आम्ही शिक्षक हे पत्र उघडपणे लिहितोय. अकरा ते चौदा वयाच्या पोरांची भीती हाताळायची तुमची रीत इतर मंडळ्यांनाही उचलता यावी, म्हणून आभार जरा तपशिलानं मानतो.

आधी तो चिठ्ठ्यांचा डबा. नाव न घालता एक भीती लिहायची, मराठीत किंवा कन्नडमध्ये. लिहायचं नसेल त्यानंही कोरी चिठ्ठी घडी घालून टाकायची, म्हणजे कुणी लिहिलं नाही ते कळत नाही. वर्गात एकही चिठ्ठी वाचायची नाही, कारण पोरं अक्षरावरून माणूस ओळखतात. शिक्षकानं घरी नेऊन सारख्या भीती एकत्र लावायच्या. मग दिसतं की कन्नडच्या तासाला उभं राहून वाचायचं भय परीक्षेच्या भयाइतकंच मोठं आहे. त्याशिवाय पावसाळ्यात लाईट गेल्यावर मागच्या दारी जाणं, आजी गेल्यापासून न लागणारी झोप, पिऊन येणारा बाप. आणि करणी, जी मोठ्यांच्याच गप्पांतून त्यांच्या कानावर पडलेली असते.

‘विश्वास असेल तर भीती कशी?’ हे वाक्य तुम्ही वर्गातून हद्दपार केलंत, त्याचे आभार सगळ्यात जास्त. ते ऐकलेल्या पोराच्या मनात दोन भीती होतात: पहिली होती तीच, आणि दुसरी म्हणजे देव आपल्यावर रागावलाय. त्यानंतर ते बोलायचंच बंद होतं. बायबलमध्ये यशया ४१:१० ला ‘भिऊ नको’च्या पाठोपाठ ‘मी तुझ्याबरोबर आहे’ येतं. आपल्याकडे पहिला तुकडा दटावून सांगतात आणि दुसरा गिळतात. तुम्ही पोरांपुढे बायबलमधली घाबरलेली माणसं उभी केलीत. गिदोनानं देवानं सांगितलेलं काम केलं, पण लोकांच्या भयानं रात्री केलं (शास्ते ६:२७). पुढे देव त्याला म्हणतो, भीत असशील तर पुरा या तुझ्या चाकराला बरोबर ने (७:१०). मोशेला बोलायची धास्ती होती, त्याला अहरोन मिळाला. एलीया जीव घेऊन पळाला आणि मरण मागू लागला, तेव्हा त्याला झोप आणि भाकर-पाणी मिळालं, तेही दोनदा (१ राजे १९), संभाषण नंतर. म्हणून तुमचा नियम: रात्रभर जागून आलेल्या पोराला वचन पाठ करायला लावण्याआधी जेवलास का, झोपलास का, ते विचारा.

पायऱ्यांचा कागद आता आमच्या प्रत्येक वर्गात आहे. भीतीला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि तीनच्या आसपासच्या कामानं सुरुवात करायची. कन्नड वाचनाच्या पायऱ्या अशा: घरी एकट्यानं चार ओळी मोठ्यानं, मग भावंडासमोर, मग शब्बाथ शाळेत तिघांपुढे, मग कन्नड बोलणाऱ्या शेजारच्या काकूंना वाचून दाखवणं, आणि शेवटी सरांना आधी सांगून वर्गात दोनच ओळी. प्रत्येक पायरी आकडा निम्म्यावर येईपर्यंत, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, सुट्टीतल्या बायबल शाळेच्या समारोपाला पालकांच्या हौसेपोटी पोराला थेट माईकपुढे ढकलतात. दोन, आकडा वर असतानाच त्याला निघून जाऊ देतात. पळाल्यावर जो सुटकेचा निःश्वास येतो, त्यानं पळणंच पक्कं होतं. त्यापेक्षा जरा थांबवायचं, आणि पुढच्या वेळी पायरी लहान करायची.

श्वासाचंही तसंच. चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. स्तोत्र ५६:३ त्यात बसवायचं: आत घेताना ‘भीती वाटेल तेव्हा’, सोडताना ‘तुझ्यावर भरवसा ठेवीन’. पोरं घाईनं मोठमोठे श्वास ओढतात, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि ती जास्तच घाबरतात. सराव शांत असताना करायचा. ऐन वेळी शिकवलेलं कामाला येत नाही.

प्रार्थनेबाबत तुम्ही गेथशेमानेवर, म्हणजे अटकेआधी येशूनं जिथं प्रार्थना केली त्या बागेवर, बोट ठेवलंत. प्रभू व्याकूळ झाला, मित्रांना जवळ ठेवलं, प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख, टळावा असं तीनदा मागितलं. प्याला टळला नाही. म्हणून पोरांच्या प्रार्थनेत मागणं असतंच, शिवाय ‘आता मी अमुक पायरी करतोय, सोबत राहा’ हेही असतं. एकदा प्रार्थना, मग पायरी. एखादं पोर तीच प्रार्थना ठरावीक वेळा म्हणत असेल आणि एक शब्द चुकला की पहिल्यापासून सुरू करत असेल, तर ती भक्ती समजून कौतुक करू नका, डॉक्टरांना दाखवा, हे तुम्हीच ठणकावलंत. डोक्यावर हात ठेवून ओरडत ‘भीतीचा आत्मा’ काढायच्या प्रकारालाही तुम्ही नम्रपणे पण साफ नकार दिलात. पाळकसाहेबांपुढे असं बोलायला धीर लागतो.

सगळ्याच भीती घालवायच्या नसतात, हेही तुमच्याकडूनच समजलं. पुरातल्या मलप्रभा नदीची भीती बरोबर आहे. पिऊन मारणाऱ्या बापाची, नको तिथं हात लावणाऱ्या नातेवाइकाची भीतीही बरोबर आहे. तिथं पायऱ्या लावायच्या नाहीत, पोराला सुरक्षित करायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कुणाला सांगावं लागेल ते आधीच सांगायचं. दार उघडं, वर्गात दोन मोठी माणसं. १०९८ हा मुलांसाठीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा) नंबर भिंतीवर, दोन्ही मोफत. दोन आठवडे झोप नाही, शाळेत जाणं बंद झालं, तर डॉक्टर. मरायची भाषा आली तर त्याच दिवशी.

शेजारच्या कन्नड मंडळीतल्या शिक्षकांनीही पायऱ्यांचा कागद मागितलाय. भाषांतर चालू आहे. झालं की तुमच्याकडे पाठवतो, लाल पेनानं तपासून द्या.

प्रभूमध्ये आपले,
शब्बाथ शाळेचे शिक्षक