जामखेडचे हातपंप आणि आमचा लिलाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की आपल्या पुरवणीत केक, गव्हाणीचे देखावे, रोषणाई आणि 'प्रेमाचा संदेश' असा बेत ठरलेला असतो. तक्रार नाही, केकच्या पाककृतींची कात्रणे आमच्याही घरी आहेत. पण प्रेमाचा तो संदेश इतका गुळगुळीत करून छापला जातो की त्यात कुणाला काही टोचतच नाही. म्हणून हे पत्र.

देवावर पूर्ण मनाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी कर, ही आज्ञा आम्ही ख्रिस्ती माणसे लहानपणापासून ऐकतो. ती अवघड का आहे, हे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात कळते. येशू एका बड्या परूश्याकडे (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाकडे) जेवायला गेलेला असतो आणि तिथे यजमानालाच सुनावतो की मेजवानी देशील तेव्हा मित्र, नातलग, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, ते तुला परत बोलावतील आणि फिटंफाट होईल. ज्यांच्याकडे फेडायला काही नाही अशा गरिबांना, आंधळ्या-लंगड्यांना बोलाव. पाहुणा म्हणून बसल्या पानावर असे बोलायला धाडस लागते! आमच्या नाताळच्या फराळाची ताटे मात्र अजून ज्यांच्याकडून दिवाळीची आली त्यांच्याकडेच जातात.

चर्चमधल्या सुगीच्या सणाचेही तेच. लोक शेतातले, परसातले काही ना काही देवाला वाहतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. कल्पना सुंदर आहे. पण ध्वनिक्षेपक आला आणि पपई पैशांत नव्हे, आडनावांत मोजली जाऊ लागली. एका घराने पाचशे म्हटले की दुसरे घर हजार म्हणते, टाळ्या पडतात, पाळकसाहेब मंद हसतात. कडेला कुणा म्हातारीने वाटीत आणलेली चार अंडी असतात, ती शेवटी घाईघाईत 'चला, हे पण कुणीतरी घ्या' म्हणून उरकली जातात. चर्चच्या तिजोरीत भर पडते हे खरे, पण देवाला वाहिलेल्या वस्तूवर आम्ही आपापला मान विकत घेतो.

देवाशीही आमचा व्यवहार असाच. 'नवस' हा शब्द आम्ही उच्चारत नाही, पण मुलाची नोकरी लागली की उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायच्या दानाची, पाकिटे येतात आणि न लागली की त्या घरची मंडळी महिनाभर उपासनेला दिसत नाहीत. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाला नेमके हेच विचारतो की हा देवभीरू ईयोब तुझे भय फुकट बाळगतो काय? प्रश्न सैतानाचा असला तरी बिनतोड आहे.

याला उत्तर ठरावे असे एक काम आपल्याच जिल्ह्यात झाले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य. मिशनच्या दवाखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आले की बरा करून पाठवलेला रुग्ण त्याच आजाराने परत येतो. १९७० साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांतली पावणेदोनशेच्या आसपास मुले वर्षाच्या आत दगावत. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्याही होत्या. बाळंतपण कसे करायचे, मुलांची वजने कशी घ्यायची, हगवणीत साखर-मिठाचे पाणी कसे द्यायचे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, हे सगळे त्यांना शिकवले.

सेवा पुष्कळ डॉक्टर करतात. पण आपल्या ज्ञानामुळे मिळणारे देवपण सहसा कुणी सोडत नाही. आरोळ्यांनी तेच वाटून टाकले, आणि गावाला डॉक्टरची गरज कमीत कमी पडावी अशी व्यवस्था स्वतः डॉक्टर असून उभी केली. मला निःस्वार्थ प्रीतीची याहून कडक कसोटी माहीत नाही. पैसे आम्ही देऊ, वेळही देऊ, पण 'माझ्यावाचून यांचे अडते' हे सुख सोडवत नाही.

दुसरी गोष्ट हातपंपांची. दुष्काळात बोअर घ्यायच्या होत्या, तेव्हा पंप दलित वस्तीत बसतील असे आरोळ्यांनी पाहिले. कळशी घेऊन मग सगळ्या गावाला तिकडेच यावे लागले. समतेवर प्रवचन न देता केलेले हे काम मला फार आवडते, आणि त्यात थोडा मिस्कीलपणाही आहे. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. गावातल्याच बाईला आरोग्यसेविका करणारी सरकारची 'आशा' योजना जामखेडनंतर कितीतरी वर्षांनी आली.

इथे कुणीतरी धर्मांतराचा प्रश्न काढील, काढावाच. माझे मत स्पष्ट आहे. औषधाच्या बदल्यात श्रद्धा मागणे हाही सौदाच आहे आणि वर सांगितलेल्या मेजवानीच्या नियमात तो बसत नाही. पण म्हणून प्रत्येक ख्रिस्ती दवाखान्याकडे संशयाने पाहणेही बरे नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाला बसलेला राजा उजवीकडच्यांना म्हणतो की मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिले. त्यावर ते गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिले? त्यांनी देवाला दाखवायला काही केलेच नव्हते. समोर भुकेला होता, त्याला वाढले, एवढेच.

आपल्याकडे एक विनंती. यंदाच्या नाताळ पुरवणीत केकचे एक पान कमी करा आणि वार्ताहराला जामखेडला पाठवा. त्या काळातल्या ज्या आरोग्य कार्यकर्त्या आज म्हाताऱ्या झाल्या असतील, त्यांच्याशी त्याने बोलावे. त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती नसतील, तरी चालेल. फोटो मात्र त्यांचेच छापा, पाहुण्यांचे नकोत.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर