काका, गिअर ऑइल आणि त्या कुलर लाइनसाठी मनापासून थँक्यू

प्रिय काका,

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक आधी" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. आणि आपल्या साताऱ्यात कुणी जुनी ऑटोमॅटिक गिअरची गाडी घेऊन आमच्यासारखं अडकलं असेल तर त्यांनाही हे वाचून उपयोग होईल.

पप्पांचा डावा पाय पोलिओमुळं लहानपणापासून अधू आहे, क्लच दाबणं होत नाही, त्यामुळं बाजारात जाणं, कोरेगावला मित्राकडं जाणं हे सगळं त्या एका चार गिअरच्या गाडीवर चालतं. ती गाडी सकाळी डी मध्ये, म्हणजे पुढं जायच्या गिअरमध्ये, टाकली की नुसती उभी राहायला लागली, मग धक्का मारून निघायची, आणि यवतेश्वरच्या घाटात तर इंजिन ओरडतंय, आरपीएम चढतोय पण गाडी काय ओढत नाही. एका गॅरेजात सांगितलं गिअरबॉक्स उतरवायला लागेल, आणि तो आकडा ऐकून पप्पा गाडी विकायचं बोलायला लागले. गाडीखाली वाकून कुणी बघितलंच नव्हतं काका. तुम्ही आलात, पार्किंगच्या फरशीवरचा डाग बोटानं पुसला, वास घेतला आणि म्हणालात, हे इंजिनचं नाही, गिअरचं आहे, लीक ओळखू यावं म्हणून याला मुद्दाम लाल रंग देतात. आणि मग म्हणालात, "तेल कुठं जातंय ते आधी शोधू, गिअरबॉक्सला नावं नंतर ठेवू." पप्पांचा चेहरा त्याच वेळी बदलला होता, तुम्ही बघितलं का माहीत नाही, मी बघितला.

मस्कतच्या गॅरेजात तुम्ही इतकी वर्षं याच गाड्या केल्या हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण तुम्ही समजावता किती छान. या गिअरबॉक्समध्ये तेल नुसतं वंगण नसतं, त्याच्याच प्रेशरवर आतल्या क्लच प्लेटा दाबल्या जातात, त्यामुळं तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं, प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात आणि राहिलेलं तेल पण जळतं. म्हणजे घाटात जे होत होतं ते एवढंच होतं! आणि तेच तेल थंड व्हायला दोन पाइपांतून रेडिएटरच्या टाकीतल्या कुलरला जाऊन परत येतं. तुम्ही पहिल्यांदा कूलंटची, म्हणजे रेडिएटरच्या पाण्याची, बाटली उघडून बघितली, का तर कुलर आतून फुटला असता तर तेल आणि पाणी मिसळून गुलाबी दुधासारखं झालं असतं आणि मग खरंच गिअरबॉक्स गेला असता. कूलंट स्वच्छ होतं.

पाइप मात्र दोन ठिकाणी गेला होता. एक, रबरी होज जिथं लोखंडी पाइपला दाबून बसवलेला असतो तिथं पाझरत होतं, आणि दुसरं, पाइप धरणाऱ्या क्लिपचं रबर निघून गेलेलं, तिथं पत्रा घासून घासून आणि पावसाळ्याचा चिखल अडकून गंज चढलेला, तुम्ही नखानं खरवडलं तर पापुद्रा हातात आला. नटांना आदल्या रात्री रस्ट ऑइल मारून ठेवायला लावलंत. सकाळी एक पाना रेडिएटरच्या फिटिंगला धरून ठेवायला मला दिलात आणि दुसऱ्यानं तुम्ही पाइपचा नट सोडवलात, "फिटिंग फिरली की कुलर गेला, घट्ट धर" म्हणून. माझे हात थरथरत होते पण तुम्ही पाना काढून घेतला नाही. काका, त्याबद्दल वेगळं थँक्यू. मुलगी आहे म्हणून टॉर्च धरायला लावणारे खूप असतात.

मग एमआयडीसीत जेसीबीचे होज बनवणाऱ्याकडं आपण पाइप घेऊन गेलो, कुजलेला भाग कापला, टोकाला उभार रिंग काढून घेतली म्हणजे होज सटकत नाही, क्लॅम्प त्या रिंगच्या मागं. साधा पाण्याचा होज स्वस्तात मिळत होता पण तुम्ही हात पण लावला नाही, गरम तेलात तो फुगतो आणि मऊ पडतो म्हणून ऑइल कुलरचाच घेतला. तेलाचं पण तसंच. दुकानदार म्हणत होता सगळं लाल तेल सारखंच असतं, आणि तुम्ही गाडीचं पुस्तक उघडून ग्रेडवर बोट ठेवलंत, सीव्हीटीचं चालणार नाही, ड्युअल क्लचचं चालणार नाही, ते ऑटोमॅटिकचे वेगळे प्रकार, पुस्तकात आहे तेच द्या. येताना सांगितलेली व्हेलची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगत सुटलेय, 1970 च्या दशकात अमेरिकेत बंदी येईपर्यंत या तेलात व्हेलचं तेल घालायचे म्हणे.

गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घेतल्याशिवाय आणि चाकाला विटा लावल्याशिवाय तुम्ही कुणाला खाली जाऊ दिलं नाहीत, नुसत्या जॅकवर तर नाहीच. गिअरबॉक्सच्या खालचा तेलाचा पॅन उतरवला तेव्हा त्यातल्या मॅग्नेटवरचा काळसर लेप तुम्ही पांढऱ्या कागदावर पसरलात, बोटानं चोळलात, एक कण टोचला नाही. "ही नुसती झीज आहे, चमकणारे तुकडे असते तर मी गप्प बसलो असतो का?" मला त्या कागदाचा फोटो काढायला सांगितलात तो अजून मोबाईलमध्ये आहे.

काढलेलं तेल मापून तेवढंच आधी परत, मग इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी थोडं थांबवत फिरवला, गाडी गरम झाल्यावर सपाट जागेवर इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघितली आणि जे गळून गेलं होतं ते थोडं थोडं करत भरलं. जास्त पण नको, फेस होतो. जुनं तेल तुम्ही गटारात जाऊ दिलं नाहीत, कॅनमध्ये भरून जुनं तेल घेणाऱ्याकडं स्वतः नेऊन दिलंत.

पप्पा आता एकटे यवतेश्वर चढून येतात, गाडी डी मध्ये टाकली की लगेच धरते. फरशी मी रोज सकाळी बघते, कोरडी आहे.

पॅनमधून साधारण अर्धंच तेल निघतं, बाकीचं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वगैरे राहतं, म्हणून थोडी चालवून परत बदलू असं तुम्ही म्हणाला होता. तेल आणि ड्रेन बोल्टचा वॉशर आणून ठेवलाय. रविवारी या, बोल्ट मी सोडवते, तुम्ही खुर्ची टाकून बघा. आणि आई म्हणतेय नुसत्या चहावर भागणार नाही, काकूंना घेऊन जेवायलाच या.

तुमची,
शेजारची पोरगी