घारीचं घरटं पाडू नका, थोडे दिवस छत्री धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्रार हमखास येते : घार डोक्यावर झडप घालते, तिचं घरटं काढून टाका. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत ही मागणी सगळ्यांत आधी मीच केली होती, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आमच्या इमारतीमागच्या बागेत सिल्व्हर ओकचं उंच झाड आहे. फेब्रुवारीत घारीच्या जोडीने त्यावर घरटं बांधलं. एप्रिलमध्ये एका सकाळी सासरे गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटत होते. मागून आवाज नाही, काही नाही. मानेला वारा लागला आणि टाळूवर दोन ओरखडे उठले. कपाळावर आलेलं रक्त पाहून माझे हातपाय गळाले. जखम साबणाने धुतली, दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, 'उद्याच्या उद्या ती फांदी तोडा.' झाडं छाटणारे दादा आलेही. अर्ध्यावर चढून ते खाली उतरले. "ताई, वर पिल्लं आहेत. मी हात लावणार नाही."

मग चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीतून मी ते घरटं पहिल्यांदा नीट पाहिलं. काटक्यांमध्ये दुधाच्या पिशव्या, मांजाचा गुंता, एक लाल चिंधी, वायरीचा तुकडा. त्यात मळकट लव आलेली दोन पिल्लं. घार पंजाखाली उंदीर दाबून त्याचे बारीक तुकडे तोडत होती आणि आळीपाळीने दोघांना भरवत होती. सासऱ्यांनाही मी ते दाखवलं. बराच वेळ ते खिडकीपाशी उभे राहिले.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की मी ग्रुपवर चक्क गुन्ह्याची मागणी केली होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हे 'शिकारी'च्या व्याख्येतच धरलं आहे. सोसायटीने ठराव केला म्हणून ते माफ होत नाही.

पण मला कायद्यापेक्षा जास्त पटलं ते दिवसांचं गणित. अंडी उबायला साधारण महिना आणि पिल्लं उडायला त्यानंतर दीडेक महिना. घार सगळ्यांत जास्त आक्रमक होते ती पिल्लं घरट्यात असताना, आणि घरट्याच्या आसपासच. म्हणजे आपल्याला खरी काळजी घ्यायची ती काही आठवडेच. आम्ही गच्चीची झाडाकडची बाजू दोरी बांधून बंद केली, वाळवणं दुसऱ्या टोकाला हलवली आणि जिन्याच्या दाराशी दोन जुन्या छत्र्या ठेवल्या. घार बहुतेक वेळा मागून येते आणि सगळ्यांत उंच भागावर झेपावते, त्यामुळे उघडी छत्री पुरते. त्यानंतर कुणालाही ओरखडा उठला नाही. मेअखेरीस दोन्ही पिल्लं उडाली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कुणीतरी पुण्य म्हणून टाकीवर कोंबडीचे तुकडे टाकत असे. असं आयतं खाणं मिळालं की घारी माणसांच्या हाताकडे बघायला शिकतात. ते आम्ही हात जोडून बंद करायला लावलं आणि ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवायला लागलो.

घारी पुढच्या वर्षी बऱ्याचदा त्याच घरट्यावर परत येतात. ज्यांना ते खरोखरच नको असेल, त्यांनी पिल्लं उडून गेल्यावर, पावसाळ्यात वन विभागाशी बोलावं आणि वृक्ष प्राधिकरणाची रीतसर परवानगी घेऊनच फांद्यांचा विचार करावा. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर त्याला दूध-पाणी पाजू नये. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा.

महापालिकेच्या उद्यान विभागाला माझी एकच विनंती आहे. छाटणीची परवानगी देण्यापूर्वी झाडावर अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं आहे का, हे पाहणीला येणाऱ्या माणसाने वर बघून लेखी नोंदवावं. आणि तसं घरटं असेल, तर झाड धोकादायक नसताना जूनपर्यंत कुऱ्हाड लावू देऊ नये.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे